सत्तरपैकी सहासष्ट

चाकणच्या पट्ट्यात गुरुवार हा देवाचा वार नाही, विजेचा वार आहे. कारखान्यांची वीज त्या दिवशी बंद, म्हणजे साप्ताहिक सुट्टी, म्हणून साखरपुडे, बारशी, प्लॉटिंगचे मेळावे आणि बाबालोकांचे दरबार असं सगळं गुरुवारीच उरकून घेतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, काय भाविक लोक आहेत, गुरुवार कसा कडक पाळतात! पाळतात खरा, त्या दिवशी शिफ्ट नसते ना.

तर अशाच एका गुरुवारी निघोज्याच्या गजलक्ष्मी लॉन्सवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढच्या सोफ्यांवर जमिनी विकून गब्बर झालेली मंडळी, मधल्या खुर्च्यांवर कंपनीत परमनंट झालेले, आणि मागे उभे कंत्राटी. ही व्यवस्था इथं कुणाला लावावी लागत नाही, आपोआप लागते. स्टेजवर चौरंग होता, चौरंगावर मखमल, आणि मखमलीवर तळहातात मावेल एवढी पारदर्शक प्लास्टिकची डबी. डबीत एक नाणं होतं. डबीच्या डोक्यावर चिठ्ठी चिकटवली होती, तिच्यावर चकाकणारं होलोग्राम आणि ठसठशीत आकडा: ६८.

बायका येत होत्या, डबीला हळदकुंकू वाहत होत्या, हात जोडून पुढं सरकत होत्या. एका म्हाताऱ्याने तर डबीपुढं नारळ फोडला. त्यासाठी स्टेजच्या कडेला रीतसर दगडच मांडून ठेवला होता.

“माउली, हे नाणं नाही!” माइकवरून कुलदीप सर गरजले. अंगात कोट, कपाळाला गंध, हातात पांढरे मोजे. थोडक्यात, वरून बुवा, मधून मॅनेजर आणि खालून डॉक्टर. “नाणं तुमच्या खिशातही आहे. हे आहे कवचधारी नाणं! कच्चं नाणं म्हणजे काय? बिननंबरप्लेटची गाडी. चालते, पण कधी ना कधी पकडली जाते! आणि कवचातलं नाणं? व्हीआयपी! एंट्री कुठंही!”

मग त्यांनी मांडवातले दिवे घालवायला लावले. निळ्या टॉर्चचा झोत डबीवरच्या चिठ्ठीवर पडला, आणि काय सांगावं, चिठ्ठी आतून पेटल्यासारखी लखलखली! पृथ्वीचा गोल उमटला, भोवती गरुडाचे पंख. मांडवातून “ओऽऽ” असा आवाज निघाला. मागे कुणीतरी “जय हो” म्हटलं. दिवे लागले. सरांनी मोबाइल चिठ्ठीवरच्या क्यूआर कोडच्या चौकटीपुढं धरला. मोठ्या पडद्यावर तेच नाणं, तोच नंबर आणि हिरवीगार बरोबरची खूण.

“ही चिठ्ठी मी दिलेली नाही. साता समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेनं दिली आहे. ते मला ओळखत नाहीत, मी त्यांना ओळखत नाही. फर्स्ट पार्टी मी, सेकंड पार्टी तुम्ही, आणि थर्ड पार्टी म्हणजे साक्षात न्याय! सत्तरपैकी अडुसष्ट गुण!”

सत्तरपैकी अडुसष्ट म्हटल्यावर लोक हबकलेच. निघोज्यात आजवर कुणाला एवढे पडले नव्हते.

“थर्ड पार्टी म्हंजी ती इन्शुरन्सवाली का?” टेम्पोवाल्या खंडूने शेजारच्याला विचारलं. “गाडी ठोकल्यावर फोन उचलत न्हाईत, ती?”

“गप रं,” शेजारचा म्हणाला. “परदेशातली हाय.”

दुसऱ्या रांगेत रोहिदास बसला होता, आणि त्याची मान मात्र पसंतीने हलत होती. रोहिदास चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटी सुपरवायझर. गाड्यांच्या पत्र्याचे सुटे भाग तिथं निघतात आणि ते तपासून त्यांच्या बिनवर, म्हणजे पेटीवर, हिरवा टॅग लावायचा हे याचं काम. हिरवा टॅग म्हणजे पास. एकदा टॅग लागला की पुढं कुणी झाकण उघडून बघत नाही. तशी पद्धतच आहे. इतकी वर्षं टॅग लावून लावून त्याची नजर अशी झाली होती की, भाजी घ्यायला गेला तरी आधी चिठ्ठी शोधायचा. वांग्याला चिठ्ठी नसते, म्हणून वांगी किडकी आणायचा. पण सफरचंदं स्टिकर बघून आणायचा. तीही किडकी निघायची, ते सोडा.

“काय रं, तू क्वालिटीतला माणूस,” पुढच्या सोफ्यावरून उद्धवराव मागे वळून म्हणाले. “कसं वाटतं?”

उद्धवराव म्हणजे रोहिदासचे चुलते, सगळ्या गावाचे नाना. यांनी तीन मजली बंगला बांधून आत लिफ्ट बसवली, आणि ती बिघडू नये म्हणून आजतागायत कुणाला तिच्यात बसू दिलेलं नाही.

“सिस्टीम आहे, नाना,” रोहिदास म्हणाला. “थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, युनिक नंबर, ट्रेसेबिलिटी. आमच्याकडंही असंच असतं. पास आहे.”

झालं! नाना ताडकन उठले, स्टेजवर चढले आणि माइक हातात घेऊन मोकळे झाले. “आमचा रोहिदास कंपनीत हजारो माल पास करतो. त्यो म्हणतो पास, म्हंजी पास! आमच्या वयनींची पुतळ्यांची माळ हाय, आमच्या आईच्या हातची. ती कच्ची हाय. पुढच्या गुरुवारी ती सरांना देऊन आमी पक्की नाणी घेणार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कारण सरांची योजनाच तशी होती: ‘कच्चं द्या, पक्कं न्या.’ घरातलं जुनं सोनं-नाणं द्यायचं आणि कवचातली नाणी न्यायची. पुढच्या गुरुवारी महाअदलाबदल सोहळा. तोवर कुणाला घरातलं एखादं नाणं परदेशी पाठवून त्याला गुण लावून हवे असतील, तर तेही सर थोड्याशा खर्चात करून देणार होते. “फक्त एक पथ्य,” सरांनी बोट वर केलं. “कवच कधीही फोडायचं नाही. फोडलं की गुण गेले, पुण्य गेलं, किंमत गेली!”

रोहिदासची मान हलायची मात्र थांबली. माळ त्याच्या आईची होती.

घरी आल्यावर पाहतो तर बातमी त्याच्या आधीच पोचलेली. अंबूबाई ओसरीवर माळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सोन्याच्या पातळ गोल पुतळ्या, एकीला एक चिकटून ओवलेल्या, मधून झिजलेल्या. दर पाडव्याला ही माळ गळ्यात घालून त्या नवऱ्याच्या तसबिरीपुढं उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “बघा, हाय अजून.” नवरा गेला तेव्हा दिरांनी, जावांनी सांगून पाहिलं होतं की मोडा, पोराच्या शिक्षणाला घाला. त्यांनी दुसऱ्याच्या शेतात खुरपलं, पण माळ मोडली नव्हती.

“आई, तुझी इच्छा नसेल तर...” रोहिदासने सुरुवात केली.

“माजी इच्छा कुठं आली त्यात?” अंबूबाई म्हणाल्या. “तू पास म्हणालास न्हवं? मग तपासलंच असशील. तुज्या कंपनीतले सायेब तुज्या सहीवर माल सोडत्यात, मी एक माळ सोडती.”

रोहिदासने चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. आत त्याची बायको मिनल सहामाहीचे पेपर तपासत होती. ती संत तुकाराम नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि नवरा घरात आला की त्याच्या चेहऱ्यावरूनच कितवा प्रश्न अडलाय ते ओळखते.

“नाणं बघितलंत?” तिने मान वर न करताच विचारलं.

“बघितलं की. अडुसष्ट.”

“ते चिठ्ठीवर. नाण्यावर काय होतं?”

रोहिदास आठवायला लागला. होलोग्राम आठवत होतं. गरुड आठवत होता. नंबरचे शेवटचे आकडेसुद्धा आठवत होते. नाण्यावर राजा होता, राणी होती की हत्ती होता, ते काही केल्या आठवेना.

“बरं, ती प्रयोगशाळा तुम्ही स्वतः शोधून बघितलीत, की सरांच्या मोबाइलवर बघितलीत?”

“सरांनी स्कॅन केलं ना. हिरवी खूण आली.”

“चिठ्ठीही त्यांची, चौकटही त्यांची, मोबाइलही त्यांचा,” मिनल म्हणाली. “माझ्या वर्गातल्या पोरांनी स्वतःच पेपर लिहायचा, स्वतःच तपासायचा, आणि वर मला सांगायचं की बाई, थर्ड पार्टीनं गुण दिलेत. अहो, मी गुण देते तेव्हा निदान पेपर उघडून वाचते.”

“तुला सगळीकडं संशयच दिसतो,” रोहिदास चिडला. माणूस चूक कळायला लागली की आधी चिडतो. तो नियमच आहे. “सगळं जग टॅगवर चालतं. टॅगवर विश्वास नाही ठेवला तर एक गाडी बाहेर पडणार नाही कारखान्यातून.”

“खरंय,” मिनल शांतपणे म्हणाली. “मग तो लाल पीस कशाला ठेवता?”

आता हा लाल पीस काय ते सांगायला हवं. रोहिदासच्या कारखान्यात माल तपासणारं एक मशीन आहे. चांगला भाग आला की हिरवा दिवा, खराब आला की लाल. पण मशीनच झोपलं असेल तर? म्हणून दर शिफ्टला काम सुरू व्हायच्या आधी एक मुद्दाम खराब केलेला, लाल रंगाने रंगवलेला भाग त्या मशीनला खायला घालतात. मशीनने त्याला नापास केलं तर मशीन शुद्धीवर आहे. पास केलं तर मशीन बंद, आणि त्याने आधी पास केलेला सगळा माल परत तपासायचा. हा लाल पीस रोहिदास रोज सकाळी स्वतःच्या हाताने आत घालायचा. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने आईसमोर मिनलला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

आणि आज भर मांडवात, नानांनी विचारल्यावर, त्याला लाल पीस आठवला नव्हता! रोहिदास खाली बसला. मग पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून त्याने विचारलं,

“पण खराब नाणं आणायचं कुठून? असं खराब, की जे खराब आहे हे आपल्याला शंभर टक्के माहीत आहे?”

मिनल उठली, स्वयंपाकघरात गेली, पोळपाट ठेवायच्या कप्प्यात हात घातला आणि एक मखमली बटवा आणून त्याच्या हातात दिला.

गावात असा बटवा घरोघरी होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी नानांच्या प्रज्वलचं लग्न झालं, तेव्हा नानांनी पाहुण्यांना परतीची भेट म्हणून पितळी मोहरा वाटल्या होत्या. चांगली जाडजूड नाणी. एका बाजूला कमळ, दुसऱ्या बाजूला फारसीसारखी दिसणारी वळणं. वळणं काढणाऱ्या पिंपरीतल्या पोऱ्याला फारसीतलं एक अक्षर येत नव्हतं आणि वाचणाऱ्यालाही येत नसल्याने बिघडलं काही नाही. आणि नाण्याच्या काठावर, म्हणजे जाडीच्या बाजूला, गोल फिरत गेलेली बारीक अक्षरं: ‘प्रज्वल वेड्स पिंकी’.

रोहिदासने ते नाणं उजेडात धरलं आणि कितीतरी वेळाने पहिल्यांदा हसला.

मिनलने मग विज्ञान कामाला लावलं. अंडी उकडली, कुस्करली आणि नाण्यासकट डब्यात कोंडून ठेवली. अंड्यातला गंधक हळूहळू धातूला काळपट करतो. सकाळी डबा उघडला तेव्हा नाणं चांगलं शेकडो वर्षांचं दिसत होतं आणि घरभर असा वास सुटला की अंबूबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, “काय मेलंय गं?”

“काही नाही आई, इतिहास,” मिनल म्हणाली.

नवऱ्याला तिने बजावलं होतं: खोटं बोलायचं नाही. विचारलं तर ‘घरात सापडलं’ एवढंच सांगायचं, सापडलंच आहे. पण सरांच्या माणसाने काही विचारलंच नाही. नाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फी घेतली, नाणं पाकिटात टाकलं आणि म्हणाला, “आजच विमानात बसेल.”

तो आठवडा रोहिदासला फार जड गेला. नानांना जाऊन सरळ ‘नाही’ म्हणावं, तर पुरावा काय? आणि खरं सांगायचं तर, त्याच्या मनात एक चोर होता. त्याला आतून वाटत होतं, ते नाणं नापास होऊन परत यावं. ‘पितळ आहे, टाकून द्या’ अशी चिठ्ठी यावी. म्हणजे प्रयोगशाळा खरी, आपला शब्द खरा, आणि आईसमोर मान वर. अंबूबाई रोज संध्याकाळी माळ काढायच्या, एकेक पुतळी बोटाने पुसायच्या आणि परत ठेवायच्या. रोहिदास तेवढ्या वेळात गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी भरली का ते बघून यायचा.

गुरुवार उजाडला. लॉन्सवर याही वेळी तोबा गर्दी. स्टेजवर कवचांची आरास मांडलेली, मधोमध मखमलीवर एक डबी झाकून ठेवलेली. नाना फेटा बांधून पहिल्या सोफ्यावर, शेजारी प्रज्वल आणि पिंकी. अंबूबाई नव्या लुगड्यात, मांडीवर माळेचा डबा.

“निघोजेकर, तुम्ही भाग्यवान आहात!” कुलदीप सरांनी झाकण दूर केलं. पडद्यावर डबीचं चित्र मोठं झालं. “हे रत्न तुमच्याच मातीत निघालं! परदेशी शास्त्रज्ञांनी तपासून कळवलंय: सतराव्या शतकातली शाही मोहर, अस्सल! जगात अशा फक्त तीन! गुण सत्तरपैकी सहासष्ट!”

रोहिदासने पडद्याकडे पाहिलं. कमळ. अंड्यांनी केलेला काळपट डागसुद्धा जसाच्या तसा. त्याच्या मनातला चोर त्या क्षणी पळाला, आणि त्याच्या जागी एक सणसणीत राग येऊन बसला. हा राग सरांवर कमी आणि स्वतःवर जास्त होता.

“असलंच आमच्याकडं बी हाय की,” खंडू मागून ओरडला. “आमचं पोरगं भिंगरी करून फिरवतं!”

“तुमचं कच्चं आहे, भाऊ,” सर न डगमगता म्हणाले. “दिसायला सारखं, पण संस्कार नाहीत.”

खंडू ओशाळून खाली बसला. आणि नाना? ज्यांनी स्वतः ऑर्डर देऊन अशी पोतंभर नाणी पाडून घेतली होती, स्वतःच्या हाताने पाहुण्यांना वाटली होती, ते नाना पुढं झुकून, डोळे बारीक करून त्या डबीकडे बघत होते. “काय घडण हाय!” ते पुटपुटले. “जुन्या लोकांचं कामच येगळं. वयनी, माळंच्या बदल्यात हेच घ्यायचं.”

अंबूबाई माळेचा डबा घेऊन उठल्या. दोन पायऱ्या चढल्या. सरांनी मोजे घातलेले दोन्ही हात पुढं केले.

“थांब आई!” रोहिदास उठून स्टेजवर गेला. “सर, ते नाणं माझं आहे. मीच दिलं होतं. जरा बघू का?”

“जरूर! मालकाचा मान पहिला!” सरांनी डबी त्याच्या हातात ठेवली आणि पुढच्या क्षणाला पस्तावले. कारण रोहिदास नारळ फोडायच्या दगडाकडे गेला आणि त्याने डबी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

“कवच! कवच फुटेल!” सर किंचाळले. “पाप लागेल!”

“माझ्या आजीच्या गळ्यात एक ताईत होता,” रोहिदास म्हणाला. “देणाऱ्यानं असंच सांगितलं होतं, उघडायचा नाही. ती गेल्यावर उघडला, तर आत बसचं तिकीट निघालं.”

आणि खाडकन डबी दगडावर बसली. मांडवात बायकांनी डोळे मिटले. प्लास्टिकच्या ठिकऱ्या झाल्या, नाणं टणटणत स्टेजवर घरंगळलं. रोहिदासने ते उचललं, मोठ्या पडद्यासाठी सरांनीच लावलेल्या कॅमेऱ्यासमोर आडवं धरलं आणि हळूहळू फिरवायला लागला. डबीच्या आतल्या पांढऱ्या कड्याखाली झाकलेला काठ आता पडद्यावर भिंतीएवढा दिसत होता.

“प्र...” पहिल्या रांगेतलं एक पोरगं वाचायला लागलं. “ज्व... ल...”

“वेड्स...” आता सगळा मांडव वाचत होता. “पिं... की!”

“अगं बया! ही तर आमच्या लग्नातली!” पिंकी सोफ्यावरून उभीच राहिली. “अहो, आपण सतराव्या शतकातले?”

मांडवात जो हशा पिकला, तो रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या वॉचमनलाही ऐकू गेला असेल. खंडू तर खुर्चीवर उभा राहून, “संस्कार बघा, संस्कार!” असं ओरडत होता. नानांचा फेटा एका बाजूला कलला होता आणि तो सरळ करायचं त्यांना सुचत नव्हतं.

“शांत व्हा! शांत व्हा!” सरांच्या गंधातून घाम वाहत होता. “कोटीत एखादी चूक होते. प्रयोगशाळेची चूक! मी तर मधला माणूस!”

“आन्‌ मग त्यो उजेड?” नानांना अजून आशा होती. “चिठ्ठी आतून पेटली ती?”

मिनल तोवर स्टेजवर आली होती. तिने चौरंगावरचा निळा टॉर्च उचलला, दिवे घालवायला सांगितलं आणि झोत सरळ नानांवर टाकला. नानांचा पांढरा शुभ्र सदरा असा लखलखला, की मागचे लोक खुर्च्यांवर चढून बघायला लागले.

“नानांनाही सत्तरपैकी सत्तर!” ती म्हणाली. “कपडे पांढरे दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत जे घालतात, ते या उजेडात चमकतं. तसलीच शाई चिठ्ठीवर लावता येते. बाजारात मिळते ती. आता दिवे लावा. राहिली ती साता समुद्रापलीकडची प्रयोगशाळा. चिठ्ठीवर बारीक अक्षरात तिचा फोन नंबर आहे. तक्रार तर करायला हवी ना?”

तिने माइक मोबाइलजवळ धरला आणि नंबर फिरवला. रिंग गेली. आणि कुलदीप सरांच्या कोटाच्या आतल्या खिशातून मोठ्याने शंख वाजायला लागला.

शंख वाजतोय, सर खिसा दाबतायत, शंख अजून वाजतोय.

“उचला की,” अंबूबाई पायरीवरूनच म्हणाल्या. “साता समुद्रापलीकडून फोन हाय.”

सरांनी फोन उचलला नाही. त्यांनी मोजे काढले, आणि मग पाय उचलले. पण मागे कंत्राटी उभे होते, ज्यांना बसायला कधीच जागा मिळत नाही. त्या दिवशी ते उभे होते याचा गावाला पहिल्यांदा उपयोग झाला. सरांच्या गाडीत रिकाम्या डब्यांची गोणी निघाली, होलोग्रामचं भेंडोळं निघालं, आणि प्लास्टिक चिकटवायचं एक छोटं यंत्र निघालं, ज्याला आपल्याकडे सगळे परदेशी शास्त्रज्ञ म्हणत होते. प्रयोगशाळेचं संकेतस्थळही सरांनीच बनवलं होतं. चिठ्ठीवर जो नंबर छापायचा तोच तिथं टाकायचा, की झाली हिरवी खूण. पोलीस आले, पंचनामा झाला, आणि ज्यांनी सोहळ्याआधीच गुपचूप दागिने दिले होते ते रांगेत उभे राहिले. त्यात नाना पहिले होते.

पांगायच्या आधी रोहिदासने माइक हातात घेतला. त्याला भाषण येत नव्हतं. “मागच्या गुरुवारी मी पास म्हणालो,” तो म्हणाला. “मी नाणं बघितलं नव्हतं, चिठ्ठी बघितली होती. तुम्ही चिठ्ठीही बघितली नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणजे मीही एक चिठ्ठीच झालो. नाणी पारखणाऱ्या खऱ्या संस्था आहेत, त्या प्रामाणिक काम करतात. पण त्यांच्या नावाची चिठ्ठी आणि डबीसुद्धा कुणीही छापू शकतो. तेव्हा विकणाऱ्याच्या मोबाइलवर खात्री करू नका, स्वतः शोधा. ज्याला विकणारा पैसे देत नाही अशा जाणत्याला दाखवा. वजन करा, भिंग लावा, प्रश्न विचारा. आणि जो म्हणेल की उघडून बघितलं तर पाप लागतं, त्याचं दुकान आधी उघडून बघा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रोहिदास आईकडे गेला. “चुकलो,” एवढंच म्हणाला.

अंबूबाईंनी माळ डब्यातून काढून त्याच्यापुढं धरली. “चल,” त्या म्हणाल्या. “सोनाराकडं.”

“कशाला? माळ वाचली की.”

“हिला तरी कुणी बघितलंय? सासूबाईंनी सांगितलं सोनं हाय, मी मान डोलावली. आज तूच म्हणालास न्हवं, तपासा म्हणून? का ते दुसऱ्यांच्या मालापुरतंच?”

रोहिदासला जायचं नव्हतं. पण आता मागे फिरायला तोंड नव्हतं. निगडीत मिनलच्या ओळखीचा एक सोनार होता, पण मिनल म्हणाली ओळखीचा नको. म्हणून एका अगदी अनोळखी पेढीवर गेले. सोनाराने अंबूबाईंच्या डोळ्यांदेखत एकेक पुतळी कसोटीच्या दगडावर घासली. सोनं. सोनं. सोनं. मग एकीपाशी तो थांबला, परत घासली, ॲसिडचा थेंब टाकला, आणि अंबूबाईंकडे बघून म्हणाला, “आजी, ही पितळेची आहे.”

मिनलने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यभर पोटाशी धरलेल्या माळेत खोट निघाली म्हणजे म्हातारीला काय वाटेल, या विचाराने रोहिदासने तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

आणि अंबूबाई हसायला लागल्या. आधी गालातल्या गालात, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “सासूबाई! आगं माझ्या सासूबाई! दुष्काळात कुणाच्या पोटासाठी मोडली असंल गं बाई ही, आन्‌ कुणाला कळू दिलं न्हाई!”

“आजी, काढून टाकू का?” सोनाराने विचारलं. “बाकीच्या परत गाठवून घ्या.”

“न्हाई, र्‍हाऊ दे तिला,” अंबूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “फकस्त तेवढ्या एकीला लाल दोरा बांध. माज्या पोराच्या कंपनीत बी असतोय तसला एक.”